स्नो येतोय म्हटलं की मी काय उघडते: नॅशनल वेदर सर्व्हिस, माउंट हॉली ऑफिस

जानेवारी लागला की आमच्या सेंट्रल जर्सीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दरवर्षी तेच सुरू होतं, कोणीतरी एका ॲपचा स्क्रीनशॉट टाकतं की पुढच्या रविवारी १८ इंच स्नो, पाच मिनिटांत दुसरं कोणी वेगळ्या ॲपचा टाकतं त्यात ३ इंच, मग संक्रांतीचा कार्यक्रम पुढे ढकलायचा का, हॉलवाला ऐकेल का, तिळगूळ तर करून झालेत, आणि तोवर इंडियन ग्रोसरीतलं दूध, दही, कोथिंबीर सगळं साफ. अशा वेळी मी ज्या एकाच सर्व्हिसवर विसंबते तिचा हा रिव्ह्यू. फुकट आहे, सरकारी आहे, जाहिरात एकही नाही, आणि तरी आपल्यातले फार कमी लोक ती नीट वापरतात म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितेय.

नॅशनल वेदर सर्व्हिसचं काम १८७० पासून चालू आहे आणि आज देशभर त्यांची १२२ फोरकास्ट ऑफिसं आहेत. आपल्या मिडलसेक्स, सॉमरसेट, मर्सर, मॉन्मथ, मॉरिस वगैरे काउंट्या माउंट हॉली ऑफिसकडे येतात. वेदर डॉट गव्ह वर जाऊन झिप कोड टाकला की आपल्या भागाचं पान उघडतं. तिथं वरती सूर्य-ढगांची चित्रं असतात, बहुतेक लोक तेवढं बघून बंद करतात. खरा माल खाली आहे, फोरकास्ट डिस्कशन नावाच्या लिंकमध्ये.

हे डिस्कशन म्हणजे ड्यूटीवरच्या फोरकास्टरने स्वतः लिहिलेला मजकूर. दिवसातून निदान दोनदा येतो, साधारण पहाटे आणि दुपारी उशिरा, आणि वादळ जवळ आलं की मध्ये मध्ये अपडेट होत राहतो. त्यात तो सांगतो की क्विबेकवर थंड हवेचा हाय प्रेशर किती घट्ट बसलाय, नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर केप हॅटरसजवळ लो, म्हणजे कमी दाबाचं केंद्र, कधी तयार होणार, तो किनाऱ्याला किती चिकटून वर येणार, कुठलं मॉडेल (हवामानाचं गणित करणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) काय म्हणतंय आणि मी कुठल्यावर किती भरवसा ठेवतोय आणि का. हा जो शेवटचा भाग आहे ना, त्यासाठी मी पाचपैकी पाच द्यायला तयार आहे. ॲप तुम्हाला एक आकडा देतं आणि गप्प बसतं. इथं एक माणूस तुम्हाला सांगतो की आकडा हा आहे पण कॉन्फिडन्स कमी आहे, कारण लो पन्नास मैल पश्चिमेला सरकला तर तुमच्याकडे पाऊस पडेल आणि पूर्वेला सरकला तर काहीच पडणार नाही.

आणि आपल्याकडे हे पन्नास मैल सगळं ठरवतात. नॉरईस्टरमध्ये, म्हणजे किनाऱ्याला धरून वर येणाऱ्या वादळात, पाऊस आणि स्नोची सीमारेषा बऱ्याचदा आय-९५ हायवेच्या आसपासच येऊन बसते, म्हणजे समुद्रकाठी शोअरला नुसता पाऊस, वर ससेक्सच्या डोंगरात भरपूर स्नो आणि मध्ये एडिसन-न्यू ब्रन्सविकवाले आपण आधी स्नो, मग स्लीट (बर्फाचे बारीक खडे), मग पाऊस, मग परत स्नो. वर एक-दोन हजार मीटरवर उबदार हवेचा एक थर घुसला की खाली थंडी असून पण स्नोचं स्लीट होतं आणि १० इंचाचे ४ होतात. हे वादळाचा पाठलाग करणाऱ्या सगळ्या हौशी लोकांना माहीत असतं, ते चाळिसावं अक्षांश आणि सत्तरावं रेखांश जिथं मिळतात त्या समुद्रातल्या बिंदूला बेंचमार्क म्हणतात आणि लो त्याच्या आतून जाणार की बाहेरून यावर रात्र रात्र बोलतात. मी पण त्यातलीच. जीएफएस ह्या अमेरिकन मॉडेलचा रात्रीचा रन साडेदहानंतर यायला लागतो, युरो म्हणजे युरोपियन मॉडेल एकच्या सुमारास, आणि मोठं वादळ असलं तर "युरो आला का" हा मेसेज रात्री एक वाजता येतोच येतो.

पण मॉडेल बघणं आणि फोरकास्ट करणं ह्यात फरक आहे. जीएफएस दिवसातून चारदा धावतं आणि प्रत्येक वेळी पुढच्या १६ दिवसांचं चित्र काढतं, त्यात दहाव्या दिवसावर कुठेतरी दोन फूट स्नोचा गुलाबी-जांभळा गोळा दिसतोच आणि नेमका तोच स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतो. त्याला काहीही अर्थ नाही, एका रनचा दहाव्या दिवसाचा आकडा कृपा करून कोणाला पाठवू नका. म्हणून तर एन्सेम्बल असतं, म्हणजे सुरुवातीच्या स्थितीत बारीक बारीक बदल करून तेच मॉडेल अनेकदा चालवायचं, जीएफएसचं ३१ वेळा, युरोचं ५१ वेळा, आणि त्यातले किती जण वादळ आणतात ते बघायचं. डिस्कशनमध्ये फोरकास्टर हेच बोलत असतो, की एन्सेम्बल अजून विखुरलेलं आहे किंवा आता एका जागी यायला लागलंय.

हा मोकळेपणा फुकट आलेला नाही. जानेवारी २०१५ आठवतो? न्यूयॉर्कला २० ते ३० इंच सांगितले होते, सबवे बंद केली, रस्ते बंद केले, आणि वादळ थोडं पूर्वेला सरकलं, सेंट्रल पार्कात ९.८ इंच पडला आणि जर्सीच्या बऱ्याच भागात तेवढा पण नाही. त्याच वादळाने बॉस्टनला दोन फूट टाकला, म्हणजे वादळ खोटं नव्हतं, जागा चुकली. तेव्हा माउंट हॉली ऑफिसच्या प्रमुखांनी रात्रीच ट्विटरवर सरळ जाहीर माफी मागितली. माझ्या मनात त्या ऑफिसबद्दलचा आदर तेव्हापासून आहे. उलटी गोष्ट २०१० ची, ख्रिसमसच्या दोन-तीन दिवस आधी मॉडेलं वादळ समुद्रात नेऊन सोडत होती आणि २६-२७ डिसेंबरला सेंट्रल पार्कात २० इंच, न्यूआर्कला २४ इंच. दोन्हीकडे आकड्यापेक्षा अनिश्चितता किती आहे हे कळणं महत्त्वाचं होतं.

त्यासाठी आता तीन नकाशे मिळतात आणि सगळ्यांनी हे बघितलेच पाहिजेत. एक सर्वात शक्य असलेला आकडा, एक कमीत कमी, म्हणजे १० पैकी ९ वेळा एवढा तरी पडेल, आणि एक जास्तीत जास्त, म्हणजे त्याहून अधिक पडायची शक्यता १० त १. आमच्या गावासाठी कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ११ दिसलं की मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिते की आत्ता कार्यक्रम रद्द करू नका, उद्या संध्याकाळचं डिस्कशन येऊ दे. ५ आणि ९ दिसलं तर मात्र मी सांगते की ढकला पुढे, लांबून येणाऱ्या आजी-आजोबांना गाडीत बसवू नका.

ऑफिस जे इशारे काढतं त्यातल्या वॉच आणि वॉर्निंगमधला फरक पण लोकांना माहीत नसतो. वॉच म्हणजे साधारण ५० टक्के किंवा जास्त खात्री, तयारीला लागा, वॉर्निंग म्हणजे ८० टक्क्यांच्या वर, आता येतंयच. आणि ब्लिझर्ड म्हणजे खूप स्नो असं नाही, तीन तास ३५ मैलांच्या वर वारा किंवा वारंवार तसे झोत आणि पाव मैलाच्या आत दिसणं, हे जमलं तरच ब्लिझर्ड.

मुंबईची माणसं हे पटकन समजतील. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभर पण नाही. एकाच शहरात. तेव्हा मी मुंबईत होते आणि "मुंबईत पाऊस" ह्या दोन शब्दांनी काहीच कळत नाही हे तेव्हा कळलं, हवामानाचं वेड तिथूनच लागलं. इथं "न्यू जर्सीत १२ इंच" ह्याला पण तेवढाच अर्थ आहे.

आता कमी काय आहे. साइट दिसायला जुनाट आहे. स्वतःचं ॲप नाही, फोनच्या होम स्क्रीनवर पान सेव्ह करून ठेवायचं. डिस्कशनची भाषा सुरुवातीला जड जाते, तेवीसशे झेड म्हणजे किती वाजता हे कळेपर्यंत डोकं दुखतं (झेड म्हणजे ग्रीनिचची वेळ, थंडीत पाच तास वजा करा, संध्याकाळचे सहा). दोन-तीन वादळं सलग वाचली की सवय होते. आणि एक काळजी मनापासून वाटते, २०२५ मध्ये ह्या सर्व्हिसची माणसं कमी केली गेली आणि माणसं नाहीत म्हणून काही ठिकाणचे वेदर बलून कमी केले, आपल्या शेजारच्या ऑल्बनीला सुद्धा. रोज दोनदा सोडले जाणारे हे बलूनच वरच्या उबदार थराची खरी मोजणी करतात, स्लीट की स्नो हे त्यावरच ठरतं. पैसे मोजून घेतलेली ॲपं सुद्धा शेवटी ह्याच सरकारी डेटावर उभी आहेत.

म्हणून जमलं तर नुसतं वाचू नका, मोजा पण. कोकोराझ म्हणून स्वयंसेवकांचं जाळं आहे, रोज सकाळी सातच्या सुमाराला आपल्या अंगणातला पाऊस किंवा स्नो मोजून कळवायचा. स्नो मोजायला पांढरी फळी उघड्यावर ठेवायची, घराच्या आणि झाडाच्या आडोशाला नाही, आणि मध्ये साफ करायची असेल तर सहा तासांत एकदाच, दर तासाला पुसून बेरीज केली तर आकडा फुगतो. शाळेतल्या मुलांना हे काम फार आवडतं. माझी मुलगी पट्टी घेऊन बाहेर जाते आणि फोरकास्टपेक्षा अर्धा इंच इकडे-तिकडे झाला तर आत येऊन डिस्कशन परत वाचायला लावते.

माझे पाचपैकी साडेचार, अर्धा ॲप नसल्याबद्दल कापला. बर्गन, पॅसेइक, एसेक्स, हडसन आणि युनियन काउंटीवाल्यांनो, तुमचं ऑफिस माउंट हॉली नाही, लाँग आयलंडवरचं अप्टन आहे, तेव्हा डिस्कशन तिथलं उघडा.