पाच लाखांचा ठेव विमा : सेवा बरी, माहिती अर्धवट

‘बँक बुडाली तर माझ्या पैशांचं काय?’ असं विचारलं की काउंटरवरून बहुतेक वेळा ‘काही होत नाही हो काका’ एवढंच उत्तर येतं. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेच्या खातेदारांना हजार रुपयांवर काढता येईनासे झाले, तेव्हापासून हे उत्तर कुणाला पटत नाही. पटूही नये. सांगायला हवा तो डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव-विमा उपकंपनीचा, ठेव विमा, त्याच्या मर्यादांसकट.

1993 पासून 1 लाख रुपये असलेली विम्याची मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख झाली. हप्ता बँक भरते; ठेवीदाराला ना फॉर्म, ना खर्च.

घोळ मोजणीत होतो. पाच लाख हे खात्यामागे नसतात. एका बँकेच्या सगळ्या शाखांमधली तुमची बचत, चालू, आवर्ती आणि मुदत ठेव, व्याजासकट, एकत्र धरतात. 4,80,000 ची एफडी आणि त्यावर चढलेलं 35,000 व्याज असेल, तर 15,000 विम्याबाहेर. एकट्याच्या मालकीच्या दुकानाचं चालू खातंही मालकाच्याच नावात मिळवतात. व्यापाऱ्यांना हे सहसा कुणी सांगत नाही. नवरा-बायकोचं संयुक्त खातं मात्र वेगळं धरतात, आणि नावांचा क्रम उलटा असलेलं दुसरं संयुक्त खातं आणखी वेगळं. यात लबाडी काही नाही, नियमच तसा आहे. त्याच बँकेचं कर्ज थकलं असेल तर बँक ते आधी वळतं करू शकते, मग उरलेल्या रकमेला विमा.

पूर्वी पैसे मिळायला परवाना रद्द होण्याची वाट पाहावी लागे. पुण्याच्या रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले 2013 मध्ये, परवाना रद्द झाला 2022 मध्ये. 2021 च्या दुरुस्तीनं हे बदललं: निर्बंध लागल्यापासून 45 दिवसांत बँकेनं ठेवीदारांची यादी द्यायची, पुढच्या 30 दिवसांत तपासणी, मग 15 दिवसांत पैसे. विलीनीकरणाचा प्रस्ताव असेल तर आणखी 90 दिवस जाऊ शकतात. या सेवेतली सगळ्यात मोठी सुधारणा हीच.

तरी पैसे अडकतात. ठेवीदाराला संमतीपत्र, केवायसी आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. पासबुकावर ‘सुरेश’, आधारवर ‘सुरेशकुमार’ असं असलं की अर्ज बाजूला पडतो. ज्याचं दुसरीकडे खातंच नाही, त्यानं ते बँक ठीक असतानाच उघडलेलं बरं.

पतसंस्थेला हा विमा नाही. पाटी, काउंटर, पासबुक, सगळं बँकेसारखं दिसत असलं तरी नाही. सहकारी बँकांना आहे. खात्री करायची तर बँकेच्या वेबसाइटवर डीआयसीजीसीचं बोधचिन्ह आणि क्यूआर कोड शोधा, तो स्कॅन करा.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या बाबतीत हा विमा अगदीच तोकडा. ऐंशी सदनिकांचा सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीची राखीव रक्कम) एकाच बँकेत असेल तरी सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार, म्हणून हमी पाच लाखांचीच. एफडीच्या पावत्या कितीही केल्या तरी ती वाढत नाही. नियमात बसणाऱ्या तीन-चार बँकांत रक्कम विभागायची, आणि ताळेबंद मंजूर करताना सभेत बँकनिहाय आकडे वाचून दाखवायचे.