रग्बी घ्यायचं की क्रिकेट? साउथ आफ्रिकेतल्या ट्रान्सफॉर्मेशनवर (म्हणजे वर्णभेद संपल्यावर खेळात गोरे नसलेल्यांना जागा देणं) प्रोजेक्ट करताय त्यांच्यासाठी

बहुतेक जण डोळे झाकून क्रिकेट घेतात कारण एन्टिनी, बवुमा ही नावं आपल्याला पाठ, आणि रग्बीतलं आठवतं काय तर मंडेला हिरवी जर्सी घालून उभे आहेत तो 1995 चा फोटो. पण विषयात 'लीडरशिप' हा शब्द असेल तर माझं मत रग्बी.

तो फोटोच बघा ना, त्या टीममध्ये गोरा नसलेला प्लेअर एकच, चेस्टर विल्यम्स. आणि तीनच वर्षांनी तेच मंडेला, राष्ट्राध्यक्ष असताना, प्रिटोरियाच्या हायकोर्टात साक्ष देतायत, कारण त्यांनी रग्बीच्या कारभारावर चौकशी आयोग नेमला म्हणून बोर्डाचे अध्यक्ष लुई लायट कोर्टात गेलेले. हायकोर्टात बोर्ड चक्क जिंकलं! 1999 ला घटना न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण लायट यांना त्याआधीच, मे 1998 मध्ये खुर्ची सोडावी लागली आणि सायलस न्कानुनू पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. (लायटचे जावई रियान ओबरहोल्झर तेव्हा सीईओ होते, 2023 पासून परत सीईओ. आता बोला.)

क्रिकेटमध्ये एवढा ड्रामा वरच्या खुर्चीत नाही, सिलेक्शनमध्ये आहे. 2002 च्या सिडनी टेस्टला क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष पर्सी सॉन यांनी गोऱ्या रुडॉल्फला काढून मिश्रवंशीय ऑन्टाँगला घ्यायला लावलं. 2016 ला ठरलेलं टार्गेट पण स्पष्ट होतं, सीझनच्या सरासरीत अकरापैकी सहा जण गोरे नसलेले आणि त्यात किमान दोन ब्लॅक आफ्रिकन.

रग्बीचं टार्गेट होतं 2019 पर्यंत 50 टक्के गोरे नसलेले प्लेअर. त्या वर्षीच्या वर्ल्ड कप फायनलला पहिल्या पंधरात असे होते सहा, म्हणजे टार्गेट हुकलं, पण इंग्लंडला 32-12 हरवलं आणि दोन्ही ट्राय (रग्बीतला सगळ्यात मोठा स्कोअर) त्या सहांतल्याच मापिम्पी आणि कोल्बेचे. कॅप्टन कोलिसी झ्विडे टाउनशिपचा (कृष्णवर्णीयांची गरीब वस्ती), पण तो वर आला ग्रे या नामांकित शाळेच्या स्कॉलरशिपवर, मग श्रेय बोर्डाचं की शाळेचं? एक चॅप्टर यावरच निघेल.

फक्त प्लेअर्सच्या तोंडून अनुभव हवे असतील तर क्रिकेट घ्या, क्रिकेटमधल्या वर्णभेदावर 2021 ला झालेल्या सुनावण्यांमध्ये भरपूर मटेरियल आहे. आणि कुठलंही घेतलं तरी मोजताना एक लक्षात ठेवा, तिथे 'ब्लॅक' मध्ये मिश्रवंशीय पण धरतात आणि 'ब्लॅक आफ्रिकन' वेगळे मोजतात, ते एकत्र केलंत तर सगळे टेबल चुकतील.