सेकंड हँड कॅमेरा घेताय? लेन्सवरचं बटण आधी बघा

सोनी ए सेव्हन थ्री, फक्त बॉडी, ७८ हजार. शटर काउंट (आतापर्यंत काढलेल्या फोटोंचा आकडा) कमी, ओरखडा नाही, बिल आणि बॉक्स सोबत. विकणारा ठाण्याचा, लग्नाचे शूट करणारा, बोलायला गोड. "दादा, निवांत चेक करा, मला घाई नाही." खरंच घाई केली नाही त्याने. भामटे घाई करतात, हा समज सोडून द्या.

कॅमेऱ्यावर त्याने स्वतःची २४-१०५ लेन्स लावून आणली होती. दुपारचं लख्ख ऊन, फोटो कडक आले. या लेन्सला बाजूला ओएसएसचं, म्हणजे हात हलला तरी फोटो हलू नये यासाठीच्या स्टॅबिलायझेशनचं बटण असतं. ते त्याने बंद ठेवलं होतं. सोनीच्या अशा लेन्सवर ते बंद असलं की बॉडीतलं स्टॅबिलायझेशनही, म्हणजे सेन्सर हलवून तेच काम करणारं आयबीआयएस, बंद राहतं. म्हणजे बिघडलेला भाग चालूच होऊ द्यायचा नाही, असा बंदोबस्त. पैसे यूपीआयने गेले, लेन्स काढून त्याने बॉडी हातात दिली.

घरी ५० एमएमची जुनी मॅन्युअल लेन्स लावली आणि स्क्रीनवरचं चित्र थरथरायला लागलं, व्हायब्रेटवर ठेवलेल्या मोबाइलसारखं. १/१० सेकंदाच्या शटर स्पीडला आयबीआयएस चालू ठेवून काढलेल्या फोटोपेक्षा बंद करून काढलेला बरा! थोड्या वेळाने 'कॅमेरा एरर'.

रिपेअरवाल्याने आधी तळाचे स्क्रू दाखवले. दोघांच्या खाचा घासलेल्या. कॅमेरा पडलेला, उघडलेला. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "मेनूतून बंद करून वापरा ना." ते तितकं सोपं नाही. आयबीआयएसचा सेन्सर चुंबक आणि कॉइलच्या जोरावर जागेवर असतो. फीचर बंद केलं तरी त्याला मधोमध धरून ठेवायचं काम तीच यंत्रणा करते. माझ्या फोटोंची डावी कड अजूनही धूसर येते. पुढचा फोन त्याने उचलला नाही, नंबर ब्लॉक.

बघायला जाल तेव्हा स्टॅबिलायझेशन नसलेली लेन्स स्वतःची न्या. मेनूत स्टेडीशॉट (सोनीचं स्टॅबिलायझेशनचं नाव) चालू-बंद करून १/१० ला दोन्हीकडे पाच-सहा फोटो काढा आणि झूम करून ताडून बघा. भिंतीसमोर सरळ उभं राहून एक फोटो काढा. दोन्ही कडा सारख्या शार्प हव्यात. कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या. मात्र बंद कॅमेरा हलवल्यावर आत खडखड झाली म्हणून घाबरू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये बंद असताना सेन्सर मोकळाच असतो.

पोलिसांनी विचारलं, "बघूनच घेतलात ना?" चॅटमध्ये त्याने फक्त 'ए-वन कंडिशन' लिहिलं होतं, त्याला काही अर्थ नाही. 'आयबीआयएस चालू आहे, कॅमेरा कधी उघडलेला नाही' हे पैसे देण्याआधी त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या. कां कू केली तर चहाचे पैसे देऊन उठा.