मुकोम्बेरो: सात महिने चघळल्यानंतर

गेल्या मंगळवारी दाढेवरची कॅप निघाली, म्हणून लिहायला बसलो. एरवी हा चारचौघांत बोलायचा विषय नाही.

मुकोम्बेरो काय असतं, हे केनियात राहणाऱ्याला सांगायला नको. पश्चिम केनियात काकामेगाकडचे लुह्या लोक चघळतात ते हे एका वेलीचं मूळ. वेलीचं शास्त्रीय नाव मोंडिया व्हाइटी, युगांडात मुलोंडो. नैरोबीच्या ट्रॅफिकमध्ये शेंगदाण्याच्या पुड्यांसोबत पोरं खिडकीशी येतात आणि म्हणतात, "म्झे, न्गुवू झा किउमे!" म्हणजे, काका, पुरुषी ताकद! मी पन्नाशी ओलांडलेला, त्यात बीपीची गोळी चालू. डॉक्टरसमोर तोंड उघडण्यापेक्षा पन्नास शिलिंगांची जुडी परवडली.

पहिले तीन महिने मी अख्खं मूळ चावत होतो. मधली काडी लाकडाची असते, हे विकणाऱ्या एकानेही सांगितलं नाही! साल जाड, रसाळ, आधी कडसर आणि मग गोड. आत मात्र सुतळीसारखी चिवट काडी. आमच्या वॉचमनने एकदा मला चावताना पाहिलं आणि बिचारा हसून बेजार झाला. साल खायची, काडी थुंकायची. तोवर कॅप हललेली होती.

गुण म्हणाल तर ज्यासाठी घेतलं तिथे शून्य. भूक मात्र सणसणीत लागली, पोळ्या दोनाच्या चार झाल्या. आणि वास! दुसऱ्याच दिवशी बायकोने विचारलं, "अहो, उपळसरी कुठून आणलीत?" अगदी तोच वास, कारण दोन्हींच्या मुळांत सुगंधाचं द्रव्य एकच, व्हॅनिलाच्या जवळचं. गुपित एका दिवसात फुटलं. पण आजीच्या उपळसरीच्या सरबताची इतक्या वर्षांनी आठवण झाली, त्याचे दोन स्टार वेगळे.

चौथ्या महिन्यात दाढ ठणकू लागली म्हणून पावडरीवर गेलो. दुकानदार आधी त्याच कामासाठी योहिम्बे नावाच्या झाडाची साल गळ्यात मारत होता. ती कॅमेरून-गॅबॉनकडची, त्यातल्या योहिम्बिनने बीपी चढतं, म्हणून नको म्हटलं. 'शंभर टक्के नैसर्गिक' मुकोम्बेरोचं पाकीट घेतलं, आठशे शिलिंग. तासाभरात चमत्कार! मी मेव्हण्याला फोन करून शिफारससुद्धा केली.

ती शिफारस मागे घेतो. त्या रात्री कान तापले, नाक चोंदलं, डोकं फुटायची वेळ आली. ओळखीच्या केमिस्टने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तीन महिने मुळाने काही केलं नाही आणि पावडरीने तासात? ही तर सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्रातल्या औषधाची लक्षणं." अशा पावडरींत गोळी कुटून घालण्याचा धंदा जुनाच आहे म्हणे. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याचं बीपी अशाने धाडकन कोसळतं, जीवही जाऊ शकतो. पाकीट परत न्यायला गेलो तर दुकानदार म्हणतो, फोडलेलं घेत नाही. न फोडता कळणार कसं होतं?

मग वाचायला बसलो. 2001 च्या कॅमेरूनमधल्या अभ्यासात नर उंदरांना हे मूळ बरेच दिवस दिलं, तर शुक्राणू घटले, बंद केल्यावर पूर्ववत झाले. 2008 च्या अभ्यासात प्रयोगशाळेत माणसाच्या शुक्राणूंची हालचाल वाढली. मी उंदीर नाही आणि काचेच्या नळीतही राहत नाही, त्यामुळे दोन्हींचा मला उपयोग नाही.

शेवटी डॉक्टरकडे गेलोच. त्याने साखर तपासली, मग बीपीची जुनी गोळी बदलून दिली. काही गोळ्यांनीच हा त्रास होतो, हे मला आधी ठाऊक असतं तर! महिन्याभरात बराच फरक पडला, तोही जवळजवळ फुकटात. कॅपचे मात्र नऊ हजार गेले.

जुडी अजून घेतो, पण ती दिवसेंदिवस बारीक होत चालली आहे. मुळासाठी अख्खी वेल उपटतात, जंगलात उरणार काय? बारीक मुळाला साल कमी, काडीच जास्त. आता बायको साल सोलून चहात टाकते, आणि काड्या मोजून कचऱ्यात टाकते, मी परत चावू नयेत म्हणून.