धारावीतलं लेझर जॉबवर्क: वेज-टॅनला दहापैकी आठ, क्रोमला पाच

धारावीच्या चामडा बाजारामागच्या गल्लीतल्या या दुकानात काचेच्या ट्यूबचं ८० वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचं) लेझर मशीन आहे. पाकिटं, पट्टे, की-चेन, डायरीची कव्हरं यांचं कोरीवकाम आणि कटिंग मिनिटाच्या हिशेबाने होतं. मशीनबद्दल तक्रार नाही. पण ऑपरेटर सगळ्या चामड्यांना एकच सेटिंग लावतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

वेज-टॅनवर, म्हणजे झाडांच्या साली-फळांत कमावलेल्या चामड्यावर, काम झकास उतरतं. बाभूळ-हिरड्यात कमावलेलं, कोल्हापुरी चपलांना वापरतात तसं २ मिमीचं चामडं असेल तर कोरायला १५ ते २० टक्के पॉवर, सेकंदाला ३०० मिमी वेग आणि ओळींमध्ये ०.१ मिमी अंतर इथून सुरुवात करावी. खूण गडद तपकिरी उमटते. कापायला ५५ टक्के पॉवर, सेकंदाला २० मिमी वेग आणि हवेचा झोत पूर्ण. एका फेरीत कापलं गेलं नाही तर पॉवर वाढवण्यापेक्षा दुसरी फेरी मारलेली बरी, कडा कमी जळते. वरून मास्किंग टेप लावायला सांगावंच लागतं, आपणहून कोणी लावत नाही. टेप नसेल तर धुराचे पिवळट डाग बसतात. ५ मिमीपेक्षा लहान देवनागरी अक्षरांत अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात. शिवणीची भोकं लेझरने पाडली तर पांढरा दोरा काजळीने काळा होतो. ती टोच्यानेच पाडावीत.

बाजारात मिळणारा बहुतेक माल क्रोम-टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेला असतो. ओळखायचा कसा? कापलेली कड निळसर-राखाडी दिसते. त्यावर खूण फिकट येते, बारीक पट्ट्या आक्रसून वर वळतात, आणि हनीकोम्बवर (मशीनच्या जाळीदार पाटावर) चुंबकांनी दाबल्या नाहीत तर फोकस सुटतो. शिवाय उष्णतेने क्रोमचा काही भाग घातक क्रोमियम-६ मध्ये बदलू शकतो, म्हणून धूर बाहेर काढणारा पंखा जोरात हवा. इथला बेताचाच. सुएडचे (लवदार पृष्ठभागाच्या चामड्याचे) तंतू करपतात, तिथे कोरण्याचा नाद सोडावा.

सर्वांत खटकणारी गोष्ट रेक्झिनची. दुकानात पीव्हीसी रेक्झिनही घेतात. लेझरखाली पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसांना लागतो आणि मशीनचे रूळही गंजवतो. शंका असेल तर तांब्याची तार लाल करून मालाला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. तो माल लेझरखाली घालायचा नाही.

पावसाळ्यात चामडं ओलसर राहतं आणि खूण धूसर येते, तेव्हा आदल्या रात्री पंख्याखाली पसरून न्यावं. डिझाइनच्या डीएक्सएफ फाइलसोबत त्याच चामड्याचा तळहाताएवढा तुकडा न्यावा आणि पहिली चाचणी त्यावरच करून घ्यावी.