चार हजारांचा ‘मोदक’

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आधी वहिनीच्या फराळाच्या पाकिटांना नवीन लेबल करायचं ठरलं. मी घरबसल्या डिझाइनची लहानसहान कामं करते, त्यामुळे हे काम हक्काने माझ्याच गळ्यात पडलं. वहिनीची अट एकच होती, ‘अक्षरं बघूनच पोरांनी हट्ट धरला पाहिजे.’

डिझाइनवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲडमिननेच एक नमुना टाकला होता. चकली, लाडू, शेव. अक्षरं अशी गुबगुबीत, की जणू फुगवून ठेवलीत. ‘ताई, हा मी स्वतः काढलेला फॉन्ट आहे. एकालाच देणार. तुमच्यानंतर बंद.’ किंमत 4,000 रुपये. मी थोडी घासाघीस केली, तर म्हणाला, दुसरी पार्टी थांबली आहे. झालं, लगेच यूपीआयने पैसे पाठवले. फाइल आली, सोबत सोनेरी किनारीचं लायसन्सचं प्रमाणपत्रही आलं. खरं सांगते, ते प्रमाणपत्र बघून मला उगाच भारी वाटलं होतं.

‘वहिनीचा चिवडा’ झकास उमटलं. मग ‘खाऱ्या शंकरपाळ्या’ टाइप केलं आणि घोळ सुरू झाला. ऱ्या सुटा पडला, ळ्याचे दोन तुकडे झाले, ‘स्वादिष्ट’मधल्या प्रत्येक जोडाक्षराचा पाय मोडून खाली लटकायला लागला. त्याला विचारलं तर उत्तर काय, ‘जोडाक्षरांचं पॅकेज वेगळं असतं ताई. 2,000 होतील.’ मराठीत जोडाक्षरांचं वेगळं पॅकेज! तिथेच थांबायला हवं होतं. पण ऑर्डरी तोंडावर, म्हणून 1,000 आगाऊ दिले. पॅकेज काही आलं नाही. आला तो दुसराच निरोप: प्रमाणपत्र फक्त पाचशे पाकिटांपुरतं आहे, पुढच्या प्रत्येक पाकिटामागे पैसे द्या, नाहीतर वकिलाची नोटीस येईल.

त्या धास्तीतच मी प्रेसमध्ये गेले. तिथल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘हा तर मोदक. फुकट मिळतो की.’

मोदक हे त्या फॉन्टचं खरंखुरं नाव. मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या, फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला. गूगल फॉन्ट्स या साइटवर जाऊन कुणीही उतरवून घ्यावा. काकांनी फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. पठ्ठ्याने वरचं नाव बदललं होतं, पण आतली कॉपीराइटची ओळ पुसायचा आळस केला होता. ‘एक टाइप’चं नाव तिथे जसंच्या तसं होतं. नाव बदलताना कुठल्या तरी कन्व्हर्टरमधून फाइल काढली असावी आणि त्यातच जोडाक्षरं जुळवणारा भाग गळाला असावा, असा काकांचा अंदाज. मूळ फाइल घातली तर शंकरपाळ्या एका दमात उमटल्या.

या फॉन्टचं लायसन्स एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स. ते मी नंतर नीट वाचलं. धंद्यासाठी वापरा, लेबल छापा, पाटी करा, पाकिटं पाचशे असोत की पाच लाख, कुणाला काही द्यायचं नाही. लेबल करून दिल्याची मजुरी मी घेऊ शकते. फॉन्ट मात्र नुसता, एकटा विकता येत नाही, आणि त्यात फेरफार करून पुढे दिला तरी त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. म्हणजे ‘एकालाच देणार’ ही साफ थाप होती.

काकांनी माझ्याही कामाची खरडपट्टी काढली, तीही रास्तच. मी हौसेने घटक पदार्थांची यादीसुद्धा त्याच अक्षरात लावली होती. मोदकच्या अक्षरांत आतली पांढरी जागा केसाएवढीच उरते. नावासाठी, दुकानाच्या पाटीसाठी, गणपतीच्या फलकासाठी, मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी हीच त्याची गंमत. बारीक आकारात मात्र शाई त्या फटी भरून टाकते आणि ‘शेंगदाणे’ म्हणून नुसते काळे ठिपके दिसतात. अ‍ॅलर्जीवाल्याने काय वाचायचं? शेवटी नाव मोदकमध्ये, मधली ओळ बलू या फॉन्टमध्ये आणि यादी मुक्ता या फॉन्टमध्ये लावली. तिन्ही एकाच घरचे, तिन्ही फुकट.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, पण तोवर तीन आठवडे उलटले होते. असा फोन लगेच करायचा असतो; जितका लवकर, तेवढी पैसे अडवायची संधी जास्त. माझे 5,000 अजून आलेले नाहीत. वकिलाची नोटीसही आलेली नाही. वहिनीला मी आकडा 500 सांगितला आहे, तेव्हा कुणी तिच्यापुढे बोलू नका.

ग्रुप मी मुद्दाम सोडला नव्हता. गेल्या आठवड्यात तिथे पुन्हा ‘एकालाच देणार’ असा नवा नमुना आला. पेढा, मिठाई, जिलेबी. आता माझ्या लक्षात आलं, याच्या नमुन्यांत जोडाक्षर कधी नसतंच. मी खाली लिहिलं, ‘दादा, स्वादिष्ट खाऱ्या शंकरपाळ्या एवढं लिहून दाखवा ना.’

दोन मिनिटांत त्याने मला ग्रुपमधून काढलं.