पासवर्ड मागणारे बुद्धिबळाचे ‘कोच’ आणि कुणालाही लागू पडणारा रिपोर्ट

‘खेळाडूची शैली मुळात आक्रमक असून डावपेचांची उपजत जाण आहे. मात्र काही वेळा घाईमुळे जिंकत आलेला डाव हातचा जातो. ओपनिंगचा पाया बरा आहे, पण मिडलगेममध्ये योजनेत सातत्य हवे. एंडगेमवर मेहनत घेतल्यास रेटिंगमध्ये मोठी झेप शक्य आहे.’

मोबाइलवर बुद्धिबळ खेळणाऱ्या कुठल्याही मुलाच्या आईवडिलांना हे वाचायला द्या, ते म्हणतील, अगदी आमच्याच पोराबद्दल लिहिलंय! आम्हीही तेच म्हणालो. या चार ओळींना पुढे-मागे रंगीत आलेख, चार-दोन पटांची चित्रं आणि पहिल्या पानावर मुलीचं नाव, एवढ्याचे 499 रुपये घेतले. ते गेले असते तरी मी लिहायला बसले नसते. पुढे जे झालं त्यासाठी लिहितेय, कारण असा रिपोर्ट विकणारा मेसेज आता सांगली-कोल्हापूरकडच्या स्पर्धांच्या पालक ग्रुपवर फिरतोय.

जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. त्यानंतर मुलींना बुद्धिबळाला घालणाऱ्यांची एकच झुंबड उडाली. चांगलीच गोष्ट आहे. पण झुंबड तिथे दुकानं आलीच. स्पर्धेच्या हॉलबाहेर आम्ही पालक पायऱ्यांवर बसलेले असतो. आत डाव चालू, बाहेर चहा आणि क्लासच्या चौकशा. तिथेच कुणीतरी नंबर फिरवला. ‘मॅडम, तुमच्या मुलीचे ऑनलाइन डाव तपासून तिची शैली, जमेच्या बाजू, सुधारणेच्या जागा असा संपूर्ण रिपोर्ट देतो. मुलीत स्पार्क आहे.’ स्पार्क आहे हे त्यांना युजरनेमसुद्धा न विचारता कळलं होतं.

रिपोर्ट आला, घरात सगळ्यांनी वाचला, आजोबांनी तर शेजाऱ्यांनाही दाखवला. लगोलग फोन. सहा महिन्यांचा ‘पर्सनल ग्रोथ प्लॅन’, अठरा हजार, आजच भरले तर चौदा. जोडीला एक गूगल फॉर्म: नाव, जन्मतारीख, युजरनेम आणि पासवर्ड. ‘सगळे डाव आमच्या सिस्टिममध्ये ओढून घ्यायला लागतात, मॅडम.’ फॉर्म भरला, पैसे गेले.

इथे थांबून एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. ऑनलाइन खेळलेले डाव बघायला पासवर्ड लागतच नाही. ऑनलाइन बुद्धिबळाची साइट लिचेस असो की चेस डॉट कॉम, युजरनेम टाकलं की त्या खेळाडूचे डाव कुणालाही दिसतात आणि पीजीएन फाइलमध्ये, म्हणजे खेळ्या लिहिलेल्या साध्या फाइलमध्ये, उतरवून घेता येतात. ज्याला खरंच डाव तपासायचेत तो युजरनेम मागेल आणि गप्प कामाला लागेल. पासवर्ड मागणाऱ्याला तुमच्या मुलाचे डाव बघायचे नाहीत, त्याला ते खेळायचे आहेत.

आणि तेच झालं. पंधरवड्यात तिचं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, अकराशे ऐंशीच्या आसपासून चौदाशेच्या वर गेलं. ‘बघा मॅडम, प्लॅनचा रिझल्ट!’ असा मेसेज, सोबत चढत्या रेषेचा स्क्रीनशॉट. लेक मात्र चक्रावली होती. तिने मला मोबाइल आणून दाखवला. यादीत मंगळवारी सकाळी साडेअकराचे डाव होते. त्या वेळी ती शाळेत असते आणि मोबाइल घरी चार्जिंगला. डाव उघडून पाहिले तर अ‍ॅक्युरसी, म्हणजे खेळ्या किती अचूक याचे शंभरपैकी गुण, सगळीकडे पंचाण्णवच्या पुढे. त्याहून विचित्र होते खेळीला घेतलेले सेकंद. समोरच्याने घोडा मारला की तो उलट मारायचा, यात विचार कसला? पण तिथेही सहा-सात सेकंद, आणि पटावर पाच मोहरी एकमेकांवर रोखलेली असतानाही तेवढेच सहा-सात सेकंद. माणूस असा खेळत नाही. शेजारच्या खिडकीत इंजिन, म्हणजे उत्तम खेळी सुचवणारा संगणकाचा प्रोग्रॅम, उघडून त्याची खेळी इकडे उतरवणारा माणूस असा खेळतो.

आम्ही पासवर्ड बदलला, पण तोवर उशीर झाला होता. साइटने फेअर प्लेच्या, म्हणजे फसवणूक न करण्याच्या, नियमाखाली अकाउंट बंद केलं. सगळं लिहून कळवलं, तर उत्तर आलं की अकाउंट दुसऱ्याला वापरायला देणं हाच मुळात नियमभंग आहे. साइटचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर दिसत होतं ते इंजिनचं खेळणंच. पण बंद अकाउंटची खूण प्रोफाइलवर सगळ्या जगाला दिसते. क्लासमधल्या एका मुलाने तिला विचारलं, ‘तू इंजिन लावतेस?’ बारा वर्षांच्या पोरीने याचं काय उत्तर द्यायचं? चौदा हजारांपेक्षा मला हे जास्त लागलं.

मग रिपोर्ट पुन्हा नीट वाचला. पान सहावर लिहिलं होतं, ‘सिसिलियनमध्ये काळ्या बाजूने त्याचा खेळ धारदार आहे.’ त्याचा! शिवाय ती सिसिलियन ही ओपनिंग खेळतच नाही, पांढऱ्याने पहिल्याच खेळीत राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं (ई4) की तिचं एकच उत्तर, कॅरो-कान. एका डावातल्या ‘तेविसाव्या खेळीतल्या चुकी’वर अख्खा परिच्छेद होता आणि तो डाव एकोणिसाव्या खेळीलाच मात होऊन संपलेला. इचलकरंजीच्या एका ताईंना फोन केला, त्यांच्या मुलाचाही रिपोर्ट आलेला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. नाव सोडून काना-मात्रेचाही फरक नाही. त्यांच्या मुलाबाबतीत ‘त्याचा’ तेवढं बरोबर होतं, एवढंच.

असलं लिखाण खरं का वाटतं, याचा छडा मानसशास्त्राने फार पूर्वी लावलाय. अमेरिकेतल्या बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझा निकाल’ म्हणून कागद दिला. कागद सगळ्यांना एकच, त्यातली वाक्यं बरीचशी स्टॉलवरच्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हटल्यावर सरासरी आली 4.26. आमचा रिपोर्ट म्हणजे त्याच जातीचं राशिभविष्य, फक्त मेष-वृषभच्या जागी ‘आक्रमक’ आणि ‘पोझिशनल’. बाराशे रेटिंगच्या कुठल्या पोराचा जिंकत आलेला डाव हातचा जात नाही, मला सांगा! कुणाला एंडगेमवर मेहनत नको आहे?

रिपोर्टमधला आणखी एक आकडा बघा. लिचेसवरच्या वेगळ्या अकाउंटवर तिचं रेटिंग पंधराशेच्या जवळ होतं, त्यावरून लिहिलेलं, ‘फिडे 1500 च्या तोडीचा खेळ.’ फिडे म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना. लिचेस नवीन खेळाडूला सुरुवातच 1500 वर करून देतं. तिथली मोजणी ग्लिको-2 पद्धतीची, फिडेची इलो पद्धतीची, आणि खेळाडूंचा समूहही वेगळा. एकाचा आकडा दुसऱ्याला सरळ लावता येत नाही, हे कुठलाही कोच सांगेल.

कोचवरून आठवलं. हे गृहस्थ स्वतःला ‘इंटरनॅशनल रेटेड कोच’ म्हणवून घेत. ऐकायला भारी, पण रेटिंग असणं म्हणजे किताब असणं नव्हे. मार्च 2024 पासून फिडेच्या यादीत किमान रेटिंगच 1400 आहे, त्यामुळे 1400 वाला कुणीही ‘इंटरनॅशनल रेटेड’ ठरतो. फिडे मास्टर व्हायला 2300 लागतं, कँडिडेट मास्टरला 2200. शिकवणाऱ्यांचेही फिडेचे वेगळे किताब असतात, फिडे ट्रेनर, फिडे इन्स्ट्रक्टर वगैरे. फिडेच्या रेटिंग साइटवर नाव टाकलं की रेटिंग, किताब, कुठल्या स्पर्धा खेळल्या, सगळं फुकटात दिसतं. या गृहस्थांचं सांगितलेलं नाव तिथे सापडलंच नाही. किताब नसलेले उत्तम शिक्षक मी पाहिलेत, त्यामुळे त्याचा बाऊ नको. पण जे नाही ते आहे म्हणून सांगणाऱ्याशी पुढचं बोलणं कशाला करायचं?

खरं विश्लेषण कसं असतं तेही सांगते, म्हणजे फरक कळेल. सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या पुण्याईने पट मांडून बसणारी जुनी माणसं अजून आहेत. त्यातल्या एका काकांकडे लेकीला घेऊन गेले. त्यांनी शैलीबिलीचं नावही काढलं नाही. तिचे अलीकडचे हरलेले डाव लॅपटॉपवर उघडले, शेजारी खरा पट मांडला आणि म्हणाले, ‘बाळ, ही खेळी का केलीस ते सांग.’ पहिला तासभर तीच बोलत होती.

मग एक गोष्ट वर आली. कॅरो-कानमध्ये पांढऱ्याने प्यादं ई5 ला ढकललं की ती उंट एफ5 ला काढते (ही पटावरच्या घरांची नावं); ते बरोबर. पण त्यावर पांढऱ्याने एच4 केलं की ती सवयीने ई6 करते. मग जी4, उंट ई4 ला. एफ3, उंट जी6 ला. एच5, आणि उंट पिंजऱ्यात. काकांनी हे पटावर सावकाश करून दाखवलं. तिनेच उंट हातात धरून घर शोधलं, एकही सुरक्षित घर नव्हतं. ‘एच4 आलं की आधी एच5 किंवा एच6, मग बाकीचं.’ याच सापळ्यात ती परत परत सापडली होती. दुसरं, दहा मिनिटांच्या डावात पाठ असलेल्या पहिल्या दहा खेळ्यांवरच ती चार-चार मिनिटं घालवते, म्हणून शेवटी घाई. रिपोर्टमध्येही ‘घाई’ होतीच, पण ती कुठून येते हे कळायला घड्याळाचे आकडे बघावे लागतात. तिसरं, हत्तींच्या एंडगेममध्ये राजा पहिल्याच पट्टीत बसवून ठेवते, त्याला मध्यावर आणतच नाही.

जमेची बाजूही त्यांनी सांगितली: एक प्यादं गेलं तरी ती पडत नाही, उलट नेटाने खेळते. पण तेही अमुक डाव, अमुक खेळी असं दाखवून. काकांनी पैसे घेतले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा. फी घेणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. एका खेळाडूचे वीस-तीस डाव मन लावून तपासायला वेळ लागतो आणि त्याचं मोल द्यायलाच हवं.

कुणाला काहीच द्यायचं नसेल तर लिचेसवर संगणकाचं विश्लेषण फुकट आहे. त्यामागचं स्टॉकफिश इंजिनही मोफत आणि मुक्त आहे. तिथेच ‘तुमच्या चुकांतून शिका’ असं बटण आहे, चुकलेल्या जागी नेऊन पुन्हा खेळायला लावतं. आपण कुठल्या ओपनिंगमध्ये जास्त हरतो हेही दिसतं. आमच्या रिपोर्टमधले रंगीत आलेख याच आलेखांवरून उचललेले असावेत, असा मला दाट संशय आहे. इंजिन ‘का’ सांगत नाही, ते माणसालाच विचारावं लागतं. पण 499 च्या त्या चार ओळींपेक्षा इंजिनचं खूपच बरं.

रिपोर्ट घ्यायचाच असेल तर देणाऱ्याला एवढंच म्हणा: युजरनेम देते, तिच्या तीन डावांतल्या तीन खेळ्या सांगा आणि तिथे काय खेळायला हवं होतं ते सांगा. आमच्या ग्रुपमधल्या एका दादांनी हे विचारलं, तर समोरून ‘सर, आधी रजिस्ट्रेशन करावं लागेल’ आणि मग ब्लॉक.

पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितकं लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची आशा जास्त. तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही करता येते आणि सेवेबद्दलची तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, फॉर्मची लिंक, रेटिंग वाढल्याचा त्यांनी पाठवलेला स्क्रीनशॉट, सगळं जपून ठेवा. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. इचलकरंजीच्या ताईंनी केलं होतं, आता त्यांच्या तक्रारीला माझ्याकडचे स्क्रीनशॉट जोडतोय.